ओटीपी म्हणजे ओळख नव्हे

“मॅडम, बिहारमध्ये लोकांनी मोबाइलवरून मतदान केलं म्हणे. आपल्याकडे कधी सुरू होणार?”

हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारला. तो धडगावपासून बराच आत, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. दिवाळी झाली की घरादाराला कुलूप लावून हे लोक ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचं मतदान झालं तेव्हा तो उसाच्या फडात होता. मुकादम सोडायला तयार नव्हता, आणि सोडलं असतं तरी येण्याजाण्याचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी कोण भरून देणार होतं? त्याचं मत वाया गेलं. त्याच्या खिशात फोन आहे, त्या फोनवरून तो पैसे पाठवतो, मग मत का नाही?

प्रश्न खरा आहे. त्याला “तुला यातलं काय कळतं” असं उत्तर देणं हा उद्धटपणा होईल. पण मी त्याला “लवकरच होईल बेटा” असंही म्हणाले नाही. मी म्हणाले, होऊ नये असं मला वाटतं. निदान आज जशी ऑनलाइन ओळख पटवली जाते, तशी पटवून तर नकोच. तो गप्प झाला. मास्तरणीने जुन्या जमान्याची बाजू घेतली असं त्याला वाटलं असणार. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. त्याच्यासाठी, आणि आपल्यातल्या त्या शिकल्यासवरल्या भाऊबहिणींसाठीही, ज्यांना फोनवर आलेली प्रत्येक सोय म्हणजे तरक्की वाटते.

आधी बिहारचं पाहू. २८ जून २०२५ रोजी तिथल्या काही नगरपालिकांच्या निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने मोबाइल अॅपवरून मतदानाची सोय केली. वयस्कर, अपंग, गरोदर स्त्रिया, बाहेरगावी गेलेले मजूर यांच्यासाठी. अॅप सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलं. मतदार यादीशी जोडलेला मोबाइल नंबर, त्यावर येणारा ओटीपी आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा, अशी ओळख पटवण्याची रीत. एका मोबाइल नंबरवरून दोनच मतदारांना मत देता येईल असा नियम केला. त्याआधी गुजरातने २०१० मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुकांत ऑनलाइन मतदानाचा प्रयोग केला होता, आणि तेलंगणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खम्मम इथे लुटुपुटीचं मतदान घेऊन स्मार्टफोन अॅप तपासलं होतं. म्हणजे ही गोष्ट दूरची राहिलेली नाही. उद्या महाराष्ट्रात येईल, परवा धडगावच्या नगरपंचायतीला येईल.

एका नंबरवर दोन मतदार, हा नियमच सगळं सांगून जातो. आमच्या भागात सहा मतदारांच्या घरात एक फोन असतो, तोही थोरल्या मुलाच्या खिशात. उरलेल्या चौघांनी काय करायचं? आणि ज्या दोघांना संधी मिळेल, त्यातला दुसरा मतदार फोनवाल्याच्या मर्जीवर मत देणार की स्वतःच्या?

आता मतदान केंद्रात काय होतं ते सांगते. मी निवडणुकीच्या ड्यूटीवर बसलेली आहे, म्हणून ऐकीव सांगत नाही. मतदार आत आला की पहिला मतदान अधिकारी त्याची चिठ्ठी आणि ओळखपत्र पाहतो, आणि यादीतला क्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. मोठ्याने का? कारण समोर सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट बसलेले असतात आणि ते त्याच गावचे, त्याच गल्लीतले असतात. नाव ऐकून त्यांनी मान वर करून पाहायचं असतं की आलेला माणूस तोच आहे का. शंका आली तर एजंटाने केंद्राध्यक्षांकडे दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. होय, आजही दोनच रुपये. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. मतदाराला विचारतात, गावच्या माणसाला विचारतात. तोच माणूस निघाला तर मत देऊ देतात, तोतया निघाला तर पोलिसांच्या ताब्यात देतात.

आणि समजा तुमच्या आधीच कुणीतरी तुमच्या नावावर मत देऊन गेला आहे. तरीही तुम्हाला हाकलत नाहीत. तुम्ही तुमची ओळख पटवून दिली की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ते प्रदत्त मत वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवतात. एरवी ते मोजलं जात नाही, पण प्रकरण कोर्टात गेलं तर तो पुरावा असतो. तुमच्या नावावर चोरी झाली, हे कागदावर राहतं.

म्हातारीला दिसत नसेल तर सोबत्याला आत जाऊ देतात. पण तो सोबती त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ शकत नाही, तसं त्याच्याकडून लिहून घेतात. यादीत गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी नोंद असते, त्या नावावर कुणी आलं तर जास्त बारकाईने तपासतात. शेवटी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातून येणारी ही शाई या देशातल्या गरिबाचं सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं बायोमेट्रिक आहे. तिला नेटवर्क लागत नाही.

या सगळ्यातून एक गोष्ट लक्षात घ्या. केंद्रात ओळख पटवणं हे चारचौघांत होतं, आणि मत एकांतात दिलं जातं. ओळख उघड, मत गुप्त. मोबाइलवरच्या मतदानात हे नेमकं उलटं होतं. ओळख पटवण्याचं काम माणूस आणि मशीन यांच्यात गुपचूप उरकतं, तिथे आक्षेप घ्यायला कुणी नाही, साक्षीला कुणी नाही. आणि मत मात्र घरात, शेतात, मुकादमाच्या झोपडीत, कुणाच्याही डोळ्यांसमोर दिलं जाऊ शकतं. माझा विरोध मोबाइलला नाही, या उलट्या व्यवहाराला आहे.

कुणी म्हणेल, ही कल्पनेतली भीती आहे. तर मग आपल्याच राज्यातलं राजुरा घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या मतदारसंघात ऑक्टोबर २०२४ मध्ये, १ ते १७ तारखेदरम्यान, नव्या मतदारांच्या नोंदणीचे ७,५९२ अर्ज आले. बीएलओंनी पत्त्यावर जाऊन तपासलं. ६,८६१ अर्ज खोटे किंवा सदोष निघाले. दिलेल्या पत्त्यावर माणूसच नाही, फोटो नाही, पुरावा नाही. प्रशासनाने अर्ज फेटाळले आणि पोलिसांत तक्रार दिली. राजुऱ्यावर पुढे दिल्लीपर्यंत राजकारण झालं, त्यात मी शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच: ऑनलाइन दारातून दहातले नऊ अर्ज खोटे शिरू पाहत होते, आणि त्यांना अडवलं ते चपला झिजवत दारोदार गेलेल्या बीएलओंनी.

दुसरं उदाहरण सीमेपलीकडचं, कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे गाव लाडले मशायख यांच्या दर्ग्यामुळे माहीत आहे. कर्नाटकच्या २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी तिथे मतदारांची नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. निवडणूक आयोगानेच नंतर सांगितलं की त्यातले २४ खरे निघाले, उरलेले ५,९९४ चुकीचे. ज्यांच्या नावाने अर्ज भरले होते त्यांतल्या अनेकांना आपण असा अर्ज केल्याचा पत्ताच नव्हता. शेजाऱ्याच्या नावाने शेजाऱ्याचं नाव उडवायचा अर्ज! नावं वगळली गेली नाहीत हे खरं, पण तेही पुन्हा माणसांनी तपासलं म्हणून. या गदारोळानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आपल्या ऑनलाइन अर्जांना आधारची ई-स्वाक्षरी जोडली. म्हणजे तोपर्यंत त्या दाराला साधी कडी होती, कुलूप नव्हतं.

पक्षसुद्धा यातून सुटलेले नाहीत. युवक काँग्रेसने आपल्या संघटनेच्या निवडणुका मोबाइल अॅपवर नेल्या, महाराष्ट्रातही अशीच निवडणूक झाली. मतदार ओळखपत्राचा फोटो चढवायचा, स्वतःचा छोटा व्हिडिओ काढायचा, मत द्यायचं. २०२३ साली केरळमध्ये याच निवडणुकीत बनावट मतदार ओळखपत्रं तयार करून वापरल्याच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला, काही कार्यकर्त्यांना अटकही झाली. सभासदांच्या निवडणुकीत ही गत, तर जिथे सत्ता आणि तिजोरी पणाला लागते तिथे काय होईल?

हा झाला खोट्या माणसाला अडवण्याचा प्रश्न. मला त्याहून जास्त काळजी खऱ्या माणसाची आहे. त्याला मशीन अडवणार आहे.

आपलीच नावं घ्या. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून हा घोळ रोज डोळ्यांसमोर असतो. एकच नाव उर्दूत एका पद्धतीने लिहिलं जातं. मराठी यादीत तेच मोहम्मद, मुहम्मद, महंमद किंवा नुसतं ‘मो.’ होतं. शेखचं इंग्रजी स्पेलिंग तीन भाऊ तीन प्रकारांनी लिहितात. जैनबची झैनब होते आणि एखाद्या ठिकाणी जेनब. बाईचं नाव माहेरच्या कागदावर ‘बी’, सासरच्या कागदावर ‘बानो’, आधारवर दोन्ही नाही. वडिलांचं नाव कुठे आधी, कुठे शेवटी. आमच्या आदिवासी मुलांचंही तेच. पावराचा पावारा होतो, वळवीचा वलवी होतो. घरी हाक मारायचं नाव वेगळं आणि शाळेत मास्तरांनी ठेवलेलं वेगळं.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. जन्मनोंद नसलेल्या पिढ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर आम्हा मास्तर लोकांनीच १ जून लिहून ठेवली. आधार काढताना तीच कित्येकांची १ जानेवारी झाली. आता कॉम्प्युटरला सांगा, सारखं नाव आणि सारखी जन्मतारीख असलेले मतदार शोध. तो सातपुड्यात शेकडो ‘दुबार’ मतदार काढून दाखवील, आणि ते सगळे वेगवेगळ्या पाड्यांवरचे, आपापल्या बायकामुलांसह जिवंत नांदणारे वेगवेगळे लोक असतील.

केंद्रात काय होतं? किरकोळ चुका, स्पेलिंगमधले फरक यांकडे दुर्लक्ष करा, माणूस तोच आहे ना ते पाहा, अशी आम्हाला लेखी सूचना असते. ओळखपत्र नसेल तर आधार चालतं, रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं, फोटो असलेलं पासबुक चालतं. हा समजूतदारपणा माणसाकडे असतो. महाराष्ट्रात २०२५ च्या अखेरीस दुबार मतदारांवरून एवढं रान पेटलं, मोर्चा निघाला, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी काय केलं? संशयित नावांपुढे दोन तारे टाकले आणि त्या मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यावं अशी व्यवस्था केली. हा उपाय अपुरा असेल, पण त्यात माणसाला बोलायची जागा आहे. ‘मी हाच, मी इथलाच’ असं तो सांगू शकतो. ‘फेस नॉट मॅच्ड’ असं लिहून आलेल्या पडद्याशी कुठली भाषा बोलायची? पावरी, भिलोरी, उर्दू की मराठी?

तपासणीशिवाय मशीनवर विश्वास टाकला की काय होतं, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. २०१५ साली मतदार यादीला आधार जोडण्याची मोहीम निघाली. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे ती ऑगस्टमध्ये थांबवावी लागली. तेलंगणात डिसेंबर २०१८ च्या निवडणुकीत मतदार केंद्रावर पोचले तेव्हा अनेकांची नावंच यादीत नव्हती. नावं गळण्यामागे ती जोडणी होती, असा आरोप झाला. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. माफी मिळाली, मत मिळालं नाही.

आणि आधारची गोष्ट आम्हा नंदुरबारकरांना कुणी शिकवू नये. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पंतप्रधान आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. इतक्या वर्षांनंतरही याच जिल्ह्यात रेशनच्या दुकानात म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत. शेतात, मातीत, चुलीत झिजलेली बोटं आहेत ती. नेटवर्कसाठी टेकडीवर चढावं लागतं. रेशनवाला ओळखीचा असतो म्हणून काही तरी मार्ग काढतो. मतदानात मार्ग कोण काढणार? अंगठा उमटला नाही तर धान्य पुढच्या आठवड्यात मिळेल. मत पाच वर्षांनी मिळेल.

आता बायकांचं. इथे मला आपल्याच लोकांशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आपल्यातले काही म्हणतात, मोबाइलवर मतदान आलं तर पर्दानशीन बायकांची सोय होईल, परक्यासमोर चेहरा दाखवावा लागणार नाही. केंद्रात काय होतं ते त्यांना माहीत नाही. बुरख्यातली बाई आली की महिला मतदान अधिकारी तिला आडोशाला नेते, तिचा चेहरा फोटोशी ताडून पाहते आणि ती परत नकाब ओढून आत जाते. हे काम मी स्वतः केलं आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. एकाही बाईची बेअदबी झाली नाही. १३ मे २०२४ रोजी आमच्या नंदुरबारमध्ये लोकसभेचं मतदान सुरू होतं, त्याच दिवशी हैदराबादमध्ये एका उमेदवाराने केंद्रात शिरून मुस्लिम बायकांचे नकाब वर करायला लावले. गुन्हा दाखल झाला तो त्या उमेदवारावर, कारण ते उमेदवाराचं कामच नव्हतं. कुणी पाहायचं आणि कसं पाहायचं याचा नियम आहे, म्हणून तो मोडणाऱ्याला पकडता आलं. मोबाइलचा कॅमेरा मात्र चेहरा थेट कुठल्या तरी सर्व्हरवर नेऊन ठेवतो. तिथे तो कोण पाहतं, किती दिवस ठेवतं, याचं उत्तर ती बाई कुणाला विचारणार?

पण मूळ मुद्दा तोही नाही. मूळ मुद्दा असा की आपल्या घरांत बाईच्या नावाचा फोन बाईच्या हातात असतो का? सरकारी योजनेचे पैसे तिच्या खात्यावर येतात, ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येतो. “अम्मी, जरा इकडे बघ” म्हणून मुलगा चेहऱ्यासमोर फोन धरील, कॅमेरा ‘ओके’ म्हणेल, आणि बटण तो दाबेल. ओळख शंभर टक्के खरी, मत शंभर टक्के चोरीचं. असली चोरी पकडणारं अॅप जगात कुठेही नाही, कारण चोर आणि मालक एकाच छपराखाली आहेत.

आज हीच बाई बुरखा घालून, मैत्रिणींबरोबर, शाळेपर्यंत चालत जाते. पडद्यामागे ती आणि मशीन, तिसरं कुणी नाही. नवरा दाराबाहेर. तिच्या आयुष्यात असे एकटेपणाचे किती क्षण येतात, हे तुम्हीच मोजा. ते एक मिनिटही आपण सोयीच्या नावाखाली काढून घेणार आहोत का? मुकादमाच्या फडातला माझा विद्यार्थी, सावकाराचा देणेकरी, मालकाच्या खोलीत राहणारा गडी, सगळ्यांना हेच लागू आहे. ज्याच्यावर कुणाची सत्ता चालते, त्याला भिंतीआडचा तो कोपरा लागतो.

आपले उलेमा मताला शहादत म्हणतात, गवाही. मग गवाहीचे कायदे लावा. गवाह कोण आहे ते सर्वांसमोर ठरलं पाहिजे, आणि त्याने गवाही दबावाशिवाय दिली पाहिजे. कुराणातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, कर्जाच्या लिखापढीबद्दल आहे. तिथे लेखी कागदही सांगितला आहे आणि हाडामांसाचे साक्षीदारही. चार पैशांच्या देण्याघेण्याला जी खबरदारी, ती हुकूमत कुणाच्या हाती द्यायची हे ठरवताना नको?

“बँक फोनवर चालते, मत का नाही?” हा विद्यार्थ्याचा प्रश्न राहिला. बेटा, बँकेत प्रत्येक व्यवहाराची नोंद तुझ्या नावावर असते. पैसे चुकून गेले तर तू पासबुक दाखवून भांडतोस. मताचं पासबुक असूच शकत नाही. कोणाला दिलं हे ज्या दिवशी नोंदीतून दाखवता येईल, त्या दिवशी ते विकता येईल आणि धमकावून मागताही येईल. म्हणून मत चोरीला गेलं तर ते परत मिळवायचा रस्ता बँकेइतका सोपा नाही. शिवाय बँकेच्या नावाखाली ओटीपी विचारून लोक रोज लुटले जातात. बँक तो तोटा धंद्याच्या हिशेबात धरते. शंभर-दोनशे मतांनी नगरसेवक निवडून येणाऱ्या गावात असा तोटा कुठल्या खात्यावर टाकायचा?

मग एस्टोनियाचं नाव पुढे येतं. तिथे २००५ पासून इंटरनेटवर मतदान आहे आणि २०२३ च्या संसद निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. खरं आहे. पण तो देश साधारण तेरा लाख लोकांचा. आमचा एक नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या जवळ होता. तिथे माणसांकडे सरकारने दिलेलं चिप असलेलं ओळखपत्र आहे, त्याला दोन वेगवेगळे पिन आहेत, एक ओळखीचा आणि एक स्वाक्षरीचा. दबावाखाली मत दिलं असेल तर मतदार पुन्हा ऑनलाइन मत देऊ शकतो, आणि केंद्रावर जाऊन कागदावर दिलं तर ऑनलाइन मत रद्द होतं. एवढं करूनही २०१७ मध्ये त्या कार्डांच्या चिपमध्ये खोट सापडली आणि साडेसात लाखांवर कार्डांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली. नॉर्वेने दोन निवडणुकांत प्रयोग करून २०१४ मध्ये तो बंद केला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी, तेही ऑनलाइन नव्हे तर साध्या मतदान यंत्रांच्या खटल्यात, सांगितलं की निवडणुकीच्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला तज्ज्ञाच्या मदतीशिवाय तपासता आल्या पाहिजेत. हीच कसोटी धडगावच्या पोलिंग एजंटाला लावा. तो सातवी शिकला असेल. तोतया समोर आला तर तो ओळखतो. सर्व्हरमधला तोतया त्याला कसा दिसणार?

मग फडातल्या मजुराने मत द्यायचंच नाही का? द्यायचं, आणि ती जबाबदारी सरकारची आहे. ती त्याच्या मोबाइलवर ढकलायची नाही.

आमच्या अक्कलकुवा मतदारसंघातलं मणिबेली हे महाराष्ट्राचं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तिथे मतदान पथकं बोटीने जातात. २०२४ च्या निवडणुकांत ८५ वर्षांवरचे वृद्ध आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांच्या घरी पथक गेलं, पेटी नेली, चित्रीकरण केलं. आम्हा ड्यूटीवरच्या लोकांना टपाली मत मिळतं. त्यात आमचं घोषणापत्र साक्षांकित होतं, ते बाहेरच्या पाकिटात, मतपत्रिका आतल्या बंद पाकिटात. ओळख आणि मत वेगळं ठेवायची ही किती साधी युक्ती आहे! स्थलांतरित मजुरांसाठी तर आयोगाने एक यंत्रही तयार केलं होतं, एकाच केंद्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेणारं. १६ जानेवारी २०२३ ला पक्षांपुढे ते मांडलं. पक्षांनी शंका काढल्या आणि गाडी तिथेच अडली. शंका रास्त असतील, त्या दूर करा. बारडोलीत, सुरतेत मजुरांच्या वस्तीजवळ केंद्र उघडा, नावनोंदणी आधी घ्या, धडगावचे एजंट तिथे बसवा. मुकादमाला कायद्याने सुटी द्यायला लावा, पगारी सुटीचा हक्क कागदावर आहेच. हे महाग आहे, कष्टाचं आहे. मणिबेलीची बोटही महाग आहे.

तरीही सरकारला अॅपच आणायचं असेल, तर निदान चार अटी आपण आत्ताच जोरात मागितल्या पाहिजेत. मशीनने ओळख नाकारली तर त्याच दिवशी माणसासमोर सुनावणी. केंद्रावर जाऊन दिलेलं मत ऑनलाइन मतापेक्षा वरचढ, म्हणजे दबावाखाली मत दिलेल्या बाईला सुटकेचा दरवाजा. कोणाची ओळख पटली आणि कोणाची नाकारली याची यादी रोज सर्व पक्षांना, म्हणजे दोन रुपयांचा आक्षेप जिवंत. आणि फोन नाही म्हणून केंद्र बंद, असं कधीही, कुठेही नाही.

शेवटी आपल्या घरचंही बोलते. आपल्या जमातींच्या, शिक्षण संस्थांच्या, पतसंस्थांच्या निवडणुकाही आता फोनवर घ्यायची टूम निघाली आहे. कुणी लिंक पाठवतो, कुणी ग्रुपवर हात वर करायला लावतो. सभासदांची यादी कुणी तपासली, मयत सभासदाच्या नंबरवर कोण बसलंय, बायकांची नावं यादीत आहेत का, विचारणाऱ्याला ‘फसादी’ म्हणतात. सरकारकडे पारदर्शकता मागायची आणि घरात लिंकवर कारभार करायचा, हे जमणार नाही. आधी आपली यादी भिंतीवर लावा आणि नावं मोठ्याने वाचा.

हे सगळं मी त्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी तू फडात असशील तर तिथे तुझ्यासाठी केंद्र हवं, यासाठी आपण अर्ज करू. तू लिहून आण, शुद्धलेखन मी तपासते. तो म्हणाला, होळीला भोंगऱ्या बाजारासाठी येतो तेव्हा आणतो. मी वाट पाहते आहे.